डावा डोळा लवतो तेव्हा

आईचा डावा डोळा लवायला लागला तेव्हा घरात सगळे खूशच झाले. बाईचा डावा लवला तर शुभ, उजवा लवला तर काहीतरी विपरीत, पुरुषांचं उलट. कालिदासाची शकुंतला दुष्यंतासमोर जाते तेव्हा तिचा उजवा डोळा लवतो, आणि पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आईचा डावाच होता, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं. त्या सुमारास धाकट्या भावाचं लग्न जमत नव्हतं. आईने धागा लगेच तिकडे जोडला. "बघ, या महिन्यात होकार येतोय."

होकार आला नाही. डोळा लवत राहिला.

पहिले काही महिने नुसती खालची पापणी थरथरायची. मग अख्खा डोळा मिटायला लागला, मग गाल फुरफुरायला लागला, आणि वर्षभरात ओठाचा डावा कोपराही डोळ्याबरोबर वर ओढला जाऊ लागला. झोपेतसुद्धा. मी रात्री पाणी प्यायला उठले की तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर कोणीतरी दोरी ओढतंय असं दिसायचं, उरलेला अर्धा शांत झोपलेला. "भाजीवाल्याला वाटेल म्हातारी डोळा मारतेय," असं ती स्वतःच हसून म्हणायची. पुढे भाजी आणायला जाणंच तिने बंद केलं. हळदीकुंकवाला गेली की डावी बाजू भिंतीकडे येईल अशी जागा धरायची. भावाचं लग्न शेवटी झालं (तीन वर्षांनी, श्रेय डोळ्याला देता येणार नाही), त्या अल्बममध्ये आई प्रत्येक फोटोत उजवीकडूनच दिसते.

मधल्या काळात डोळ्यांच्या एका डॉक्टरांनी वर्षभर थेंब दिले. दुसऱ्या एकांनी "टेन्शन घेऊ नका" सांगितलं, ज्याने आजवर कुणाचं टेन्शन गेलेलं मी पाहिलेलं नाही. पुण्यातल्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी मात्र तिला खुर्चीत बसवलं, दोन मिनिटं नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "काकू, हा हेमिफेशियल स्पाझम." चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस मेंदूच्या बुंध्यातून जिथे बाहेर पडते, तिथे शेजारची एक रक्तवाहिनी तिच्यावर टेकते. प्रत्येक ठोक्याला घासते. नस वैतागते आणि कुणी न सांगता चेहऱ्याला हुकूम सोडत राहते. उपाय दोन. एक, कानामागे कवटी उघडून रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनची छोटी गादी ठेवायची. आईने ऐकल्याऐकल्या सांगितलं, "डोकं फोडून घ्यायचं नाही." दुसरा, दर तीन-चार महिन्यांनी इंजेक्शन.

"कसलं?" मी विचारलं.

"बोटॉक्स."

भाऊ हसला. "आई, हिरॉइनचं इंजेक्शन!" मला हसू आलं नाही. मी एम.एस्सी. केलं ते सूक्ष्मजीवशास्त्रात. नोकरी बँकेत केली हा वेगळा विषय. पण परीक्षेत पाठ केलेली काही वाक्यं पंचवीस वर्षांनीही जात नाहीत. बोटॉक्स म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचं विष: माहीत असलेल्या विषांमध्ये सर्वांत जहाल. आणि ते आता आईच्या पापणीत टोचायचं होतं, महागड्या मद्यासारखं जपून, फ्रीजमधून काढून, सलाइनमध्ये विरघळवून.

त्या रात्री मी जुन्या वह्या नाही, पण जुना विषय पुन्हा उघडला. त्या वाचनात एका प्रथिनाशी ओळख झाली. एम.एस्सी.च्या वेळी त्याचं नावही आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. त्याचं नाव स्नॅप-२५.

*

नस म्हणजे विजेची तार अशी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक समजूत असते. बटण दाबलं की दिवा लागतो, मेंदूने सांगितलं की पापणी मिटते. ते अर्धंच खरं आहे. वीज नसेच्या टोकापर्यंत येते आणि तिथे थांबते. नस स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये एक फट असते, फार फार बारीक, पण फटच. वीज ती ओलांडत नाही. पुढचा निरोप रसायनाने जातो, आणि ते रसायन पिशव्यांमध्ये भरून ठेवलेलं असतं.

हे कळायला बेडूक लागला. बर्नार्ड कात्झ हा जर्मनीतला ज्यू तरुण डॉक्टर १९३५ साली लायप्झिग सोडून लंडनला आला. पुढे पॉल फॅटबरोबर तो बेडकाच्या स्नायूत बारीक काचेची नळी खुपसून नस-स्नायूच्या सांध्यावरचे विद्युत बदल मोजत बसला. १९५२ साली त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट छापली: नस अगदी गप्प असतानाही स्नायूत अधूनमधून सारख्याच मापाचे छोटे छोटे ठोके पडत राहतात. एकाच मापाचे, जणू कुणी चमच्याने मोजून टाकतंय. आणि नस खरोखर बोलते तेव्हा जो मोठा धक्का बसतो तो याच छोट्या ठोक्यांच्या पटीत असतो. म्हणजे निरोप धारेने सांडत नाही, पुड्यांनी येतो. दोनच वर्षांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पुड्या दिसल्याही: नसेच्या टोकाशी दाटीवाटीने जमलेल्या गोल पिशव्या, प्रत्येकीचा व्यास मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढा. शास्त्राच्या पुस्तकात त्यांना पुटिका म्हणतात. मी पिशव्याच म्हणणार. प्रत्येक पिशवीत निरोप नेणाऱ्या रसायनाचे, म्हणजे असिटाइलकोलीनचे, हजारो रेणू. कात्झला १९७० साली नोबेल मिळालं.

इथे डबेवाल्यांची उपमा द्यायचा मोह होतो. पेशीतल्या वाहतुकीवर मराठीत लिहिणारा प्रत्येक जण ती देतो, आणि मीही लिहून खोडली. डबा दारात ठेवला की डबेवाल्याचं काम संपतं. या पिशवीला मात्र दारात थांबून भागत नाही. तिला दाराशी एकजीव व्हावं लागतं. पिशवीचं आवरण आणि पेशीचं आवरण दोन्ही तेलकट, पाण्यात असल्यामुळे एकमेकांना लांब ठेवणारी. त्यांना ओढून, दाबून, एक करून मधे भोक पाडायचं; आणि हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात, नेमकं हाक आली की, हाक आली नसेल तर मुळीच नाही.

हे ओढण्याचं काम कोण करतं?

*

लहानपणी आई माझ्या वेण्या घालायची. शाळेला रोज दोन, तीन पेडांच्या, लाल रिबिनी लावून. सणासुदीला मात्र चार पेडांची एकच. चार पेडांची घालायला वेळ लागतो आणि डोकं न हलवता बसावं लागतं. आईचे पेड घेणारे हात सुरुवातीला सैल असायचे, शेवटाशी आले की करकचून. "शेवटाला पीळ बसला नाही तर पहिल्या तासाला सुटते," ती म्हणायची. मी रडायचे, ती ओढायची.

पिशवी आणि पेशीचं आवरण यांच्यामध्ये अशीच चार पेडांची वेणी पडते. एक पेड पिशवीतून निघतो. त्या प्रथिनाचं नाव सिनॅप्टोब्रेविन. दुसरा पेशीच्या आवरणातून निघतो, सिंटॅक्सिन. उरलेले दोन पेड एकाच प्रथिनाचे: स्नॅप-२५. २०६ अमिनो आम्लांची, म्हणजे २०६ मण्यांची, ही साखळी. मधला भाग आवरणाला चिकटलेला आणि दोन्ही टोकं मोकळी, वेणीत शिरायला तयार. माणसाच्या विसाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर त्याचं जनुक आहे. चार पेड गुंफले जात जात आवरणाकडे येतात, आणि वेणी घट्ट होईल तशी पिशवी पेशीच्या भिंतीशी ओढली जाते. शेवटचे पीळ बसले की दोन आवरणांची एक होते. (वेणी डोक्यापासून सुरू होऊन टोकाकडे जाते, ही टोकाकडून सुरू होऊन डोक्याकडे येते. उपमा एवढी लंगडते, ते कबूल.) या वेणीचं स्फटिकरूप १९९८ साली छापून आलं. ते चित्र मी मोबाइलवर आईला दाखवलं. "मधला पेड सैल आहे," ती म्हणाली.

हाक म्हणजे कॅल्शियम. वीज टोकाशी येते, कॅल्शियमची दारं उघडतात, आणि पिशवीवरचं सिनॅप्टोटॅग्मिन नावाचं प्रथिन ती हाक ओळखतं. तोपर्यंत वेणी अर्धवट घालून तयार असते, शेवटचा पीळ तेवढा बाकी. हे हाक ओळखणं थॉमस स्युडहॉफने शोधलं. रँडी शेकमनने १९७९पासून यीस्टची अशी बिघडलेली वाणं गोळा केली ज्यांच्यात पिशव्या साचून राहतात आणि बाहेर काही पडतच नाही. कुठलं जनुक बिघडलं की कुठली वाहतूक तुंबते याचा नकाशा त्यातून हाती आला. जेम्स रॉथमनने गाईच्या मेंदूच्या अर्कातून १९९३ साली वेणीचे पेड ओढून काढले. तिघांना २०१३चं नोबेल वाटून मिळालं. पावाच्या आंबवणातलं यीस्ट आणि आईची पापणी एकाच युक्तीवर चालतात हे पटायला मला थोडा वेळ लागला. यीस्टमध्ये स्नॅप-२५चा चुलतभाऊ सेक-९ या नावाने हेच काम करतो.

नावाची गंमत सांगून पुढे जाते. स्नॅप-२५ हे नाव १९८९ साली पडलं, मेंदूतल्या चेतापेशींच्या टोकांशी सापडणारं, पंचवीस किलोडाल्टन वजनाचं, म्हणून. तिकडे रॉथमनच्या प्रयोगशाळेत स्नॅप नावाचंच दुसरं प्रथिन होतं, वेगळ्याच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून. मग त्या स्नॅपला धरून ठेवणारी प्रथिनं म्हणजे स्नेअर, आणि त्यांच्यात निघालं कोण, तर स्नॅप-२५. एका वाड्यात दोन सुनांचं नाव सारखं असलं की हाक मारताना जे होतं ते गेली तीस वर्षं विद्यार्थ्यांचं होतंय.

आणि वेणी सोडावीही लागते. हे मला सगळ्यांत आवडलं. घट्ट वेणी एवढी पक्की असते की आपण होऊन सुटत नाही, आणि सुटली नाही तर पेड पुन्हा वापरता येत नाहीत. त्यासाठी एनएसएफ नावाचं सहा पाकळ्यांचं चक्र असतं. ते पेशीचं इंधन जाळून वेणी उलगडतं. म्हणजे वेणी आपल्या ओढीने पडते, शक्ती खर्च होते ती सोडायला. आई रात्री झोपण्यापूर्वी माझ्या वेण्या सोडून फणी फिरवायची तेव्हा मला ते उगाच वाटायचं. सकाळी पुन्हा घालायच्याच आहेत तर सोडायच्या कशाला?

*

आता विष.

१८१७च्या सुमारास दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये लोक सॉसेज खाऊन मरत होते. डोळे जड होत, एकाची दोन दिसत, घसा कोरडा पडे, गिळता येत नसे, आणि शेवटी श्वास थांबे. शुद्ध मात्र शेवटपर्यंत असे. युस्टिनुस केर्नर नावाच्या तिथल्या डॉक्टरने रुग्णांच्या नोंदी जमवल्या. १८२२च्या पुस्तकात त्याने १५५ रुग्णांची हकिगत दिली. आंबट सॉसेजचा अर्क त्याने प्राण्यांना दिला आणि मग, घरच्यांनी काय म्हटलं असेल देव जाणे, स्वतःच्या जिभेवरही ठेवून पाहिला. हा माणूस कवी होता; त्याच्या कवितांना शूमानने चाली लावल्या आहेत. पण लोक त्याला ओळखायचे ते 'वुर्स्ट-केर्नर' म्हणून, सॉसेजवाला केर्नर. त्याच पुस्तकात त्याने लिहून ठेवलं की हे विष नसांचा निरोप अडवतं, आणि म्हणून अगदी थोडं दिलं तर जिथे नसा अतिरेक करतात अशा आजारांवर ते औषध ठरू शकेल. जंतूंमुळे रोग होतात हे सिद्ध व्हायचं होतं त्या काळात. आईच्या खुर्चीमागे उभी राहून मी सुई पाहत होते तेव्हा मला हा कवी आठवत होता.

जंतू १८९५च्या डिसेंबरात सापडला. बेल्जियममधल्या एलझेल गावी अंत्यविधीनंतर वादकांच्या ताफ्याने खारवलेला हॅम खाल्ला, तिघे दगावले. एमिल फान एर्मेंगेमने त्या हॅममधून आणि मृताच्या शरीरातून तो हवेविना वाढणारा जंतू वेगळा काढला. सॉसेजला लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणतात, तेच नाव जंतूला चिकटलं.

विष करतं काय, हे मात्र १९९३ साली कळलं, आणि त्याच वर्षी कळलं ज्या वर्षी रॉथमनने वेणीचे पेड ओढून काढले. दोन वेगळ्या वाटांनी येणारी माणसं एकाच पारावर भेटावीत तसं. 'ए' प्रकारचं बोट्युलिनम विष ही एक कात्री आहे. जस्ताच्या अणूवर चालणारी, आणि कापते फक्त एकच गोष्ट: स्नॅप-२५. २०६पैकी १९७व्या आणि १९८व्या मण्याच्या मध्ये. शेवटचे नऊ मणी गळून पडतात. प्रथिन जागच्या जागी असतं, पेड वेणीत शिरतातही, फक्त शेवटचा पीळ बसत नाही. पिशवी भिंतीशी येऊन थांबते. नस हुकूम देते, कॅल्शियम हाक मारतं, आणि काहीच होत नाही.

आत शिरायची त्याची पद्धत तर खलनायकाला शोभेल अशी आहे. पिशवी उघडून निरोप बाहेर टाकते तेव्हा क्षणभर तिचं आतलं अंग बाहेर येतं. तिथे एसव्ही-२ नावाचं प्रथिन असतं. विष त्याला धरून बसतं, आणि नस पिशवी परत आत घेते तेव्हा तिच्याबरोबर आत जातं. म्हणजे जी नस जास्त बडबड करते तीच हे विष जास्त पिते. आईच्या चेहऱ्यावर कुठली नस बडबड करते ते डॉक्टरांना दिसतं, पण विषालाही ते आपोआप कळतं. हे वाचून मी त्या रात्री पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत उभी होते.

सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेशिवाय काही करता येईल का हे शोधत होते. आधी माकडांवर, मग माणसांवर, डोळा ओढून धरणाऱ्या स्नायूत त्यांनी हे विष नॅनोग्रॅमच्या हिशेबात टोचलं. १९८९च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली, ऑक्युलिनम या नावाने, तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी. म्हणजे आईच्या आजाराचं घराणं आधीचं. सुरकुत्या मागून आल्या. कपाळावरच्या आठ्यांसाठीची परवानगी थेट २००२ची. हे मी भावाला मुद्दाम सांगितलं.

*

पहिल्या इंजेक्शनला आईने डोळे घट्ट मिटून घेतले होते. डॉक्टर म्हणाले, "काकू, सैल सोडा." डोळ्याभोवती चार ठिकाणी, गालावर एक, अगदी बारीक सुईने. पाच मिनिटं. बाहेर आल्यावर तिने आरशात पाहिलं. डोळा लवतच होता. "फसवलं," ती म्हणाली. कात्रीला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी जरा कमी झालं. आठव्या दिवशी सकाळी चहा गाळताना मी तिच्याकडे पाहिलं आणि मला आधी कळेचना काय बदललंय. चेहऱ्याचा डावा भाग उजव्यासारखाच झाला होता. ती त्या दिवशी स्वतः जाऊन मेथी घेऊन आली, दोन जुड्या, गरज नसताना.

तिला सगळं सांगायचं मी ठरवलं ते पुढे केव्हातरी, दुपारी शेंगा सोलताना. वेणी तिला लगेच कळली. कात्रीही कळली. मग तिने विचारलं, "एवढं जहाल, तर याची जात कुठली?" मी म्हटलं, क्लॉस्ट्रिडियम. धनुर्वाताचा जंतू याचा सख्खा जातभाई. तोही वेणीच कापतो, पण पिशवीतून निघणारा पेड, सिनॅप्टोब्रेविन. हे १९९२ साली इटलीत पादुआला शोधलं गेलं. फरक पत्त्याचा. बोट्युलिनम नसेच्या टोकाशीच थांबतं, म्हणून स्नायू लुळा पडतो. धनुर्वाताचं विष नसेतून उलटं वर चढतं, पाठीच्या कण्यात शिरतं आणि तिथे स्नायूंना 'पुरे' म्हणणाऱ्या पेशींचं तोंड बंद करतं. पुरे म्हणणारं कोणी उरलं नाही की सगळे स्नायू एकदम आवळतात. अंग धनुष्यासारखं वळतं.

आईचे हात थांबले.

तिला एक थोरला भाऊ होता. कृष्णाकाठच्या गावात, घरातच जन्मलेला. नाळ विळ्याने कापली होती आणि वर राख लावली होती, तशीच पद्धत होती. पाचवी पुजली, सटवाई येऊन कपाळावर लिहून गेली असं सगळ्यांनी मानलं. सातव्या दिवशी बाळ दूध ओढेना. जबडा बसला. आठव्या दिवशी गेलं. आजीने हे आयुष्यात दोनदाच सांगितलं, दोन्ही वेळा "त्याच्या पाचवीलाच पुजलं होतं" एवढं म्हणून ती उठून गेली. आईचा जन्म त्यानंतरचा. नवजात बाळांच्या धनुर्वाताला आठव्या दिवसाचा आजार असं नाव होतंच. गरोदरपणात बाईला धनुर्वाताची लस टोचली की तिच्या रक्तातली ढाल बाळाला मिळते. ते आणि दवाखान्यातली बाळंतपणं यामुळे भारतात २०१५ साली हा आजार जवळजवळ हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. माझ्या वेळी मला लस टोचली तेव्हा दंड दुखतो म्हणून मी दोन दिवस कुरकुरले होते.

"म्हणजे," आई म्हणाली, "माझ्या भावाला ज्याने नेलं त्याचाच भाऊ माझ्या डोळ्यात घातलाय."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. तिने शेंगा पुन्हा सोलायला घेतल्या. थोड्या वेळाने म्हणाली, "असू दे. काम करतोय ना."

पुढच्या वर्षी भावाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी आई सोन्याची अंगठी आणि मधाची वाटी घेऊन आली, बाळाला चाटवायला. मी वाटी काढून घेतली. मधात बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मिळतो, तिथे ते रुजतात आणि विष बनवतात. बाळ लुळं पडतं, रडणं क्षीण होतं. हे १९७६ साली ओळखलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे जन्मल्याबरोबर मध चाटवतात, गुटी मधात उगाळतात, आणि बहुतेक बाळांना काही होत नाही, म्हणून कुणी ऐकून घेत नाही. आईशी माझं मोठं भांडण झालं. "तुलाही चाटवला होता," ती म्हणाली. "मला नशिबाने काही झालं नाही," मी म्हणाले. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सूनबाईला सांगताना मी ऐकलं: "मध नको गं. त्यात माझ्या डोळ्यातलं औषध असतं."

*

स्नॅप-२५ मुळीच नसेल तर? उंदरांवर करून पाहिलंय, २००२ साली. त्यांच्या नसांच्या टोकांशी कात्झचे ते छोटे, न बोलावता पडणारे ठोके चालूच होते. पण नसेला उत्तेजन दिलं तर उत्तर नाही. जन्मताच ती पिल्लं मेली, श्वास घेणं हाही स्नायूला दिलेला हुकूमच असतो. माणसांमध्ये या जनुकातल्या एखाद्या अक्षराच्या चुकीने लहानपणी आकड्या येतात, बुद्धीची वाढ अडते; एका मुलीत स्नायूंचा अशक्तपणाही सापडला. फक्त नसांमध्येच नाही, स्वादुपिंडात इन्सुलिन साठवलेल्या पिशव्यांनाही हेच प्रथिन भिंतीशी ओढतं. पुरणपोळी पोटात गेली की तिथेही वेण्या पडत असतात, किंवा आमच्या घरात पडायच्या तेवढ्या पडत नाहीत.

आईच्या डोळ्यात मात्र हिशेब उलटा आहे. तिथे आम्ही पैसे मोजून वेणी तोडतो, आणि नस ती पुन्हा घालते. कात्री टिकून राहते महिनोन्‌महिने, पण गप्प बसलेली नस नवे कोंब फोडते, शेजारून स्नायू गाठायचा प्रयत्न करते. हळूहळू जुनं टोक पुन्हा कामाला लागतं आणि कोंब मागे हटतात. साधारण तीन महिने. मूळ दुखणं, ती नसेवर टेकलेली रक्तवाहिनी, तशीच आहे, ठोक्यागणिक घासते आहे. आम्ही फक्त तिचं बोलणं चेहऱ्यापर्यंत येऊ देत नाही. याला उपचार म्हणायचं की समझोता, यावर माझं आणि भावाचं एकमत नाही. आईला प्रश्नच पडत नाही. एकदा मात्रा थोडी जास्त झाली, पापणी महिनाभर अर्धी लोंबली, तेव्हाही ती म्हणाली की लवण्यापेक्षा झोपलेली बरी.

डॉक्टर दर वेळी विचारतात, "काकू, या वेळी किती टिकलं?" आई तारखा सांगत नाही. सण सांगते. "दसऱ्याला दिलं होतं, संक्रांतीचे तीळ भाजेपर्यंत नीट होतं." डॉक्टर फाइलमध्ये आठवडे लिहितात, त्यांना आता हिशेब जमतो.

यंदा संक्रांतीनंतर लगेच घेतलं होतं. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी ती आमरसासाठी आंबे माचवत बसली होती, मी पुऱ्यांची कणीक मळत होते. तिचे हात थांबले. मान जरा तिरकी करून ती काहीतरी ऐकत असल्यासारखी बसली, खालच्या पापणीत ते बारीक थरथरणं माझ्यापर्यंत दिसत नव्हतं, पण तिला कळत होतं.

"लवला," ती म्हणाली. मग, "सूनबाईची परीक्षा आहे ना या आठवड्यात? पास होणार."

मी कणकेचे हात धुतले, कॅलेंडरवर खूण केली आणि हॉस्पिटलला फोन लावला. सोमवारची वेळ मिळाली. आईची बोटं संधिवाताने वाकलीत, त्यामुळे अलीकडे तिची वेणी मीच घालते. केस पातळ झालेत, चार पेड कसेबसे निघतात. ती जमिनीवर माझ्या पुढ्यात बसली, डोकं न हलवता, डावा गाल मधूनच फुरफुरत होता.

"शेवटाला ओढ जरा," ती म्हणाली. "तुझी नेहमी सुटते."